सात तबकड्यांतला विलाप

कुमासी,
सोमवार, १६ फेब्रुवारी २०१५

प्रिय याव,

तू धाकटा, मी थोरली, तेव्हा सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहिला असं समज. इकडे सगळे ठीक. वीज चोवीस तास नसते, मग बारा तास असते. त्या बारा तासांत लोक इस्त्री, दळण, भांडणं सगळं उरकून घेतात. वाळवंटाकडची धूळ यंदा हलायचं नाव घेत नाही. आमोआको मामा गुडघे धरून बसलाय, जीभ मात्र धडधाकट. हॅम्बर्गहून तू पाठवलेला फोटो मी त्याला दाखवला: तू बर्फात, काळा चष्मा, मागे लांब गाडी. मामा म्हणाला, "पोरगं बोर्गा झालं म्हणायचं, परदेशी साहेब. पण गाडीपासून एवढं लांब का उभं आहे? मालक बघतोय वाटतं."

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू बोलतोस आणि मी "हं" म्हणते. पत्रात तसं करता येत नाही, म्हणून पत्र. सेर्वा आंटी गुरुवारी तिकडे यायला निघतेय. तिच्या बॅगेत सुक्या मासळीखाली हे पाकीट असेल. वाचताना नाक मुरडावंसं वाटलं तर मासळीला दोष दे.

तुझा निरोप मिळाला. चौदा मार्चला आईला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी मैदानात मोठा पडदा, आठ ध्वनिक्षेपक, आणि पडद्यावर आई, तुझ्या 'विधवेची छत्री' सिनेमात विलाप गाणारी. "सीन स्वच्छ हवा, ताई. मध्ये अडकता कामा नये. जर्मनीतून पाहुणे येतायत." बरं, मूळ चित्रीकरणाच्या फिती कुठे आहेत विचारलं, तर तू म्हणालास त्यांच्यावर नंतर लग्नं घेतली. म्हणजे आईच्या आवाजावर कुठल्या तरी नवरीचा केक बसलाय. तुझ्याकडे डीव्हीडीची तबकडीही नाही. "बाजारात मिळेल की एखादी." हेच वाक्य तू आईलाही म्हणाला होतास, पण त्यावर नंतर येते.

आधी कामाचं. तुझी ती तबकडी साधी नाही हे तू विसरला असशील. २००७ साली तू आक्राहून त्या टाय घातलेल्या गृहस्थाला आणलं होतंस. त्याने तबकडीत कुलूप घालून दिलं. कुलूप म्हणजे काय, तर तबकडीवर ठिकठिकाणी मुद्दाम नासवलेल्या जागा. तिथे चित्र नाही, आवाज नाही, नुसता कचरा. घरातलं यंत्र त्या जागा ओलांडून जाईल आणि नक्कल करणारा संगणक तिथे डोकं आपटत बसेल, असा त्याचा सिद्धांत होता. प्रत्यक्षात आपल्याकडची स्वस्तातली यंत्रंच डोकं आपटत बसली. खरी तबकडी विकत घेतलेली माणसं नकला करणाऱ्यांकडे जाऊन म्हणत, "भाऊ, आमची अस्सल आहे, चालत नाही. चालणारी द्या." प्रामाणिकपणाची एवढी कडक शिक्षा आपल्या गावात चर्चमध्येसुद्धा कुणी देत नाही.

तू म्हणालास, "एखादा तज्ज्ञ गाठ." तज्ज्ञ एक होता, माझा नवरा क्वाकू. त्याला पुरून तीन वर्षं झाली. त्याच्याकडून जेवढं शिकले तेवढ्यावर भागवलं.

क्वाकूचा जुना संगणक अजून चालतो. त्यात तो वापरायचा ती अवजारं, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम, आहेत. ती कुणाच्या मालकीची नाहीत. जगभरच्या कुणाकुणा माणसांनी लिहून, आतलं सगळं उघडं ठेवून वाटून टाकलेली. आईचा यावर विश्वास बसत नव्हता. ओसरीवर एकदा तिने त्याला चांगलं धारेवर धरलं होतं.

"फुकट देतात? मग ती माणसं खातात काय?"

"एनो," तो तिला अशीच हाक मारायचा, आई म्हणून मान देत, "तुम्ही मयतीत विलाप गाता, त्याचे काय घेता?"

"विलापाचे कुणी घेतं का, गाढवा!"

"मग? तसंच आहे हे."

आई त्या दिवसापासून त्या अवजारांना 'रडणाऱ्या बायका' म्हणायला लागली.

त्यातलं एक अवजार मला क्वाकूसारखंच वाटतं. नासलेली जागा आली की ते भांडत नाही. ती सोडून पुढे जातं, सोपं सोपं आधी उचलतं, आणि काय राहिलं याचा नकाशा लिहून ठेवतं. मग परत येतं. पुन्हा थोडं मिळवतं. वीज गेली तरी नकाशा राहतो. बारा तासांनी तिथूनच पुढे. आणि त्याला त्याच सिनेमाची दुसरी तबकडी दिली तर ते पहिलीतली भोकं दुसरीतून भरून काढतं.

म्हणून मी तबकड्या गोळा करत फिरले. तुझ्या कलाकृती कुठे आहेत ऐकायचंय? शिंपीणबाईकडे एक होती, तिच्यावर ती रॉकेलचा दिवा ठेवते. ताफोच्या एका त्रोत्रोवाल्याने आपल्या प्रवासी गाडीच्या आरशापाशी टांगली होती, उन्हात चमकते म्हणून. म्हणाला, "ताई, नेताय तर न्या, पण हिच्या जागी लोंबकळायला काहीतरी द्या. पोलीस चमक बघून सलाम करतात." मी त्याला भूगोलाचा जुना धडा असलेली तबकडी दिली. एक मक्याच्या शेतात पाखरं हाकलायला होती. पाखरांनी ती बघितली असावी, कारण एकही फिरकत नव्हतं. रागावू नकोस. ती पटकथा माझीच होती.

सहा जमल्या. सहाही आजारी, पण प्रत्येकीचं दुखणं निराळं. शेजारी शेजारी नकाशे ठेवले की कळायचं: जे भोक सहाही तबकड्यांत एकाच जागी आहे, ते तुझं कुलूप. जे एकीत आहे आणि दुसरीत नाही, तो दिवा, ऊन, पाखरं. कुलपाची भोकं मी सोडून दिली, त्यांत नाहीतरी काही नव्हतं. बाकीची एकमेकींतून बुजवत गेले. नवव्या दिवशी आई पडद्यावर आली. लाल-काळं कापड, डोक्याला फडकं, मागे तिच्या बारा बायका. गाते आहे. न अडकता.

शेवटची चाळीस सेकंदं सोडून. तिथे सहाही जणी आपापल्या दुखण्याने गेलेल्या होत्या, एकीतही ती धड नव्हती.

*

मंगळवार

काल वीज गेली म्हणून थांबले असं लिहिणार होते. खोटं आहे. वीज होती.

याव, तू त्या सिनेमाच्या पहिल्या खेळानंतर आईला काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. तिने तुझ्याकडे एक तबकडी मागितली. तू चार माणसांसमोर हसून म्हणालास, "आई, तुला दिली तर तुझ्या बारा जणी रांग लावतील. बाजारात मिळते की." आई गेली आणि बाजारातून घेऊन आली. दुकानदाराला म्हणाली, "माझ्या मुलाचा सिनेमा आहे." तो म्हणाला, "मग तुम्हाला कशाला विकत घ्यावा लागतो?"

घरी लावली. तिचा विलाप सुरू झाला आणि चित्र थिजलं. पडद्यावर आई, तोंड उघडं, आवाज नाही. आपण कुणी तेव्हा जवळ नव्हतो. ती एकटीच ते बघत बसली. आमच्याकडे आली तेव्हा तबकडी कापडाच्या घडीत लपवून आणली होती, आजारी पिल्लासारखी.

"क्वाकू, हिला बरं कर. माणूस मेल्यावर दिसतं तशी मी दिसतेय."

आता नीट वाच. क्वाकू संत नव्हता. परदेशी सिनेमे तो टोमॅटोसारखे ढिगाने विकायचा, आणि त्यावरून मी त्याला कमी बोललेली नाही. पण तुझ्या सिनेमांना त्याने कधी हात लावला नव्हता. "मेहुण्याचं आहे," म्हणायचा, जसं माणूस परक्याच्या झाडावरच्या फळाला म्हणतो. तुझी ही एकच तबकडी त्याने उघडली, ती तुझ्या आईने त्याच्या हातात ठेवली म्हणून. त्याने कुलूप काढलं. आई रडली, मग हसली, मग म्हणाली, "बारा करून दे. माझ्या बायकांना. यावला कळवू नको, त्याला उगाच वाईट वाटेल."

बारा बायकांना बारा. बारा जणींना बहिणी, सुना, जावा. आठ दिवसांत ती बाजारात होती. न अडकणारी.

पुढचं तुला माहीतच आहे, तू तिथे होतास. पांढरा झगा, दोन पोलीस, टीव्हीचा कॅमेरा. क्वाकूचं दुकान, रस्त्यात टायर, त्यावर जळणाऱ्या तबकड्या, गावभरातून गोळा केलेल्या त्या न अडकणाऱ्याही. तू कॅमेऱ्याला म्हणालास, "हा माझा मेहुणा आहे. पण चोरीला नातं नसतं!" टाळ्या पडल्या. वाक्य चांगलं होतं. माझ्याच एका पटकथेतलं होतं. मग तुझ्या माणसांनी त्याचा डावा हात दुकानाच्या लोखंडी दारात घातला आणि दार लावलं. तू तेव्हा दुसरीकडे बघत होतास. एवढं मी तुझ्या बाजूने नेहमी सांगते.

पोलिसाने विचारलं, "पहिली तबकडी कुणी दिली?"

"सापडली," क्वाकू म्हणाला.

"कुठे?"

"बाजारात मिळतात की."

आणि त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. एवढीशी. नको, म्हणून.

मी घरी जाऊन आईला सांगितलं. ती उठली, बाहेर जायचं कापड नेसली, चपला घातल्या. "चौकीवर जाते. मी दिली म्हणून सांगते." आणि मी दारात आडवी उभी राहिले. याव, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "आई, उद्या सगळं गाव म्हणेल, दिग्दर्शकाची आईच चोर. याव तोंड कुठे लपवेल? क्वाकू बोलणार नाही, त्याने मान हलवलीय." ती म्हणाली, "तो आपल्या कुळाचा नाही, आद्वोआ. परक्याच्या मुलाने आपल्या कुळाची लाज का वाहायची?" मी म्हटलं, "वाहतोय ना. वाहू दे."

हे मीच म्हटलं. बायको त्याची मी. पण कूळ आईकडून येतं, नवऱ्याकडून नाही: आई आपल्या कुळाची, तू आपल्या कुळाचा, मीही. निवड करायला मला चपला काढण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

सात महिने तो आत होता. खोकला घेऊन बाहेर आला, आणि तो खोकला चार वर्षं राहिला. मला एका शब्दाने बोलला नाही. उलट उजव्या हाताने मला अवजारं शिकवत बसायचा. "तुला येऊ दे, माझा एक हात कमी आहे."

आणि आईने त्यानंतर कुठल्याही मयतीत विलाप गायला नाही. लोकांना वाटलं वयाने आवाज गेला. तू हॅम्बर्गहून मधाच्या बाटल्या पाठवल्यास. मध चांगला होता. पण म्हणूनच तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. लोकांच्या फोनमध्ये नाही, चर्चच्या फितींत नाही. आहे तो तुझ्या त्या तबकडीत. त्यानंतर ती गायलीच नाही.

*

बुधवार

आंटी उद्या सकाळी पाकीट न्यायला येईल. उरकते.

चाळीस सेकंदांसाठी मी सगळं कुमासी पालथं घातलं. शेवटी एकच घर उरलं, जिथे विचारलं नव्हतं. मांपाँगला. क्वाकूची आई, मामे फोसुआ. त्याच्या मयतीनंतर मी त्या घरी गेले नव्हते.

ती ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आलीस? कोण मेलं?"

"कुणी नाही, मामे."

"मग काहीतरी हवं असेल."

मी पाणी प्यायले आणि काय हवं ते सांगितलं. ती शेंगांचं सूप झाडून आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात 'विधवेची छत्री' होती. अस्सल. वरचा प्लास्टिकचा कागदही न फाडलेली.

"तुमच्याकडे?" मी विचारलं.

"विकत घेतली. पोराला आत टाकलं त्या आठवड्यात. म्हटलं, एवढं कशासाठी झालं ती वस्तू दिसते तरी कशी बघावी. माझ्याकडे यंत्र नाही. उघडणार कशाला?"

तेव्हा मी तिला सांगितलं. पहिली तबकडी कुणी दिली, दारात आडवं कोण उभं राहिलं, सगळं. तिने शेंगा पुन्हा मांडीवर घेतल्या.

"तुझी आई आली होती इथे," ती म्हणाली. "दोनदा. त्या झाडाखाली उभी राहिली. मी आत बोलावलं नाही."

"का, मामे?"

"एकटी आली होती. हे काय मीठ मागायला येणं आहे, एकटीने यायला? एका कुळाने दुसऱ्या कुळाचं माणूस मोडलंय. कुळाने यायचं. वडीलधारं पुढे, कुळाच्या वतीने बोलणारा माणूस सोबत, हातात जिनची बाटली. आणि ज्याने चारचौघांत चोर म्हटलं, त्याने चपला काढून, खांद्यावरचं कापड खाली घेऊन. तुझ्या आईला हे ठाऊक नव्हतं होय? ठाऊक होतं. म्हणून तर झाडाखाली उभी राहिली, दारापर्यंत आली नाही. तुम्हा दोघांपैकी एकाला तरी सोबत आणायचं धाडस नव्हतं तिला."

मला वाटायचं आई त्या दिवसांत मावशीकडे जाते.

मग मामे फोसुआने तो प्लास्टिकचा कागद स्वतः फाडला. दाताने. "लाव," म्हणाली.

मांपाँगला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वीज होती. मी क्वाकूचा संगणक तिच्या ओसरीवर मांडला, सहा तबकड्यांचा नकाशा उघडला आणि सातवी आत सरकवली. चाळीस सेकंदं पाच मिनिटांत भरली. एवढंच उरलं होतं. आईचा विलाप अखेरपर्यंत वाजला:

"त्या वाटेवर माझी आई भेटली तर सांग,
इथे पाणी अजून लांबूनच आणावं लागतं.
आणि मी कशी आहे विचारलं तर सांग,
घडा फुटला, पण डोक्यावर अजून आहे."

ह्या ओळी मी लिहिलेल्या नाहीत. मी कागदावर एवढंच लिहिलं होतं: 'म्हातारी रडते.'

मामे फोसुआने मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "गाते बरी." थोड्या वेळाने, "पुन्हा लाव." चार वेळा लावलं. चौथ्यांदा ती मागच्या बारा बायकांबरोबर हलक्या आवाजात झील धरत होती.

निघताना मी संगणक आवरायला लागले. तिने झाकणावर हात ठेवला.

"हे इथे राहील."

"मामे, चौदा तारखेला आईचा वर्षदिन आहे."

"ठाऊक आहे. पत्रिका गावभर लागलीय. तुझ्या भावाचा फोटो तुझ्या आईपेक्षा मोठा आहे. त्याला हवं ना? येऊ दे. मी मांपाँग सोडून कुठे जात नाही."

बोलता बोलता तिला पेंग आली, आणि ती भिंतीला टेकून झोपली. अर्धा तास. याव, मी माणूस आहे. माझ्या पिशवीत कोरी तबकडी होती. नक्कल करायला मला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक नाही, पण अर्ध्या तासात दोन झाल्या असत्या. तुला हवा तो स्वच्छ सीन आज मासळीखाली ह्या पाकिटात असता; तुझे पाहुणे खूश, तुझा पडदा खूश, आणि मांपाँगला जायची कुणालाच गरज नाही.

मी ती तबकडी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. म्हातारी उठेपर्यंत तिच्या उरलेल्या शेंगा सोलल्या.

आमोआको मामाशी बोलले आहे. सगळं ऐकून त्याने काठी मागितली.  मग म्हणाला, "गुडघे दुखतायत, पण मांपाँगपर्यंत जातील." बोलणारा माणूस तोच आणेल. बाटली मी घेईन. बारा मार्चला, गुरुवारी, सकाळी निघायचं. तुला तिथे भाषण करायचं नाही. त्या घरात तुझं भाषण कुणी ऐकून घेणार नाही. तुझ्या वतीने बोलणारा बोलेल. तुझ्या तोंडून एकच वाक्य लागेल: 'चोरी आमच्या घरातली होती.' आणि माझ्या तोंडून दुसरं, की मला ठाऊक होतं. दोघांनी दोन वाक्यं म्हणायची. तुझ्या सिनेमात एवढ्या कामाला चार भाग लागले असते.

आला नाहीस तरी चौदाला वर्षदिन होईल. पडदा येईल, ध्वनिक्षेपक येतील, जर्मनीचे पाहुणे येतील. लोक खाली बसून वर बघतील, आणि वर काही नसेल. तेव्हा कुणी विचारलं, की तुझ्या आईचा, एनो आचिआचा, विलाप कुठे आहे, तर मी आता गप्प बसणार नाही. आठ वर्षं बसले, पुरे झालं.

बर्फात जपून चाल. यायचं असेल तर फोन करू नकोस, तिकीट काढ.

नवरा बोलला नाही म्हणून जिची अब्रू राहिली, ती तुझी बहीण,
आद्वोआ दुफिए